लढाईवरचं काहीतरी द्या

‘लढाईवरचं काहीतरी द्या’ ही मागणी रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचनालयांत नेहमीची. पहाटे पुळणीवर धावून आलेला, भरतीची तयारी करणारा मुलगा ती करतो. नौदलातून निवृत्त होऊन गावच्या वाडीत रमलेले आजोबा करतात आणि गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानीही करतो. अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यातल्या एका गावात बरीच वर्षं देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या ग्रंथपालबाई मात्र लगेच उठून कपाट उघडत नाहीत. त्या आधी विचारतात, ‘‘याआधी काय वाचलंत? आणि त्यातलं काय डोक्यातून गेलं नाही?’’ उत्तर ऐकल्यावरच कोणाला काय द्यायचं ते ठरतं.

वाचनालयात एक मागणीवही असते. तीत पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि आपला सभासद क्रमांक लिहायचा, म्हणजे पुढच्या खरेदीत त्याचा विचार होतो. कादंबरीची मागणी एका ओळीत संपते. युद्धाच्या पुस्तकांखाली मात्र लोक कारणं लिहितात, ते कोणी वाचावं हेही लिहितात. कधी खाली दुसऱ्याच्या अक्षरात विरोध असतो: हे नको, आधी ते वाचा. बाईंनी ही पानं कधी खोडू दिली नाहीत. गाव युद्धाबद्दल काय विचार करतं, हे त्यांना या वहीतून जितकं कळलं तितकं स्वातंत्र्यदिनाच्या भाषणांतून कळलं नाही.

बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’, वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’, वि. स. वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’. या पुस्तकांच्या पाठी किती वेळा शिवल्या, बांधल्या, त्याला गणती नाही. ‘पानिपत’ संपवून आलेल्या वाचकाला बाई त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ देतात. आणि ते पेललं तर नाना फडणीसांचं छोटंसं आत्मचरित्र. नाना त्या मोहिमेत होते, वय जेमतेम अठरा-एकोणीस. आई बरोबर होती, ती त्या धुमाळीत हरवली ती कायमचीच. नानांचं भानू घराणं मूळ वेळासचं, म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडचं. श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या वाचकाला ते शेजारचं गाव. कादंबरीतली लाखांची फौज वाचून आलेला माणूस त्या चार पानांपाशी अडखळतो. राज्याचा कारभार पुढे ज्यांनी चालवला, ते पहिल्यांदा दिसतात ते जीव मुठीत धरून पळणारे एक तरुण म्हणून.

मागणीवहीतला सर्वांत मोठा वाद १९६२चा आहे. तो सुरू केला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी. त्यांची शिफारस एकच, लेफ्टनंट कर्नल श्याम चव्हाणांचं ‘वालाँग : एका युद्धकैद्याची बखर’. विजयाची पुस्तकं मागणाऱ्या मुलांनाही ते हेच सांगायचे. जिंकलेल्या लढाईत सगळेच शहाणे दिसतात, हरलेली वाचा, म्हणजे कोण काय होतं ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. याला एका शिक्षकांचा आक्षेप होता. कैद्याला त्याच्या खंदकापलीकडचं काय दिसणार? पराभवाची कारणं हवी असतील तर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ घ्या, त्यात दिल्लीतले निर्णय आहेत, नकाशे आहेत, ब्रिगेड आणि डिव्हिजनच्या हालचाली आहेत. मग तिसऱ्याच कोणी ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ‘हिमालयन ब्लंडर’चं नाव लिहिलं. दळवी नामका चू नदीवरच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख. २० ऑक्टोबर १९६२ला चिनी हल्ला झाला, दोन दिवसांनी ते पकडले गेले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटून आले. पुस्तक आलं १९६९ साली. त्यात सेनानीही बोलतो आणि कैदीही.

बाईंनी या वादात कोणाची बाजू घेतली नाही. चव्हाणांचं आणि पित्र्यांचं अशी दोन पुस्तकं एकत्र बांधून दिली. नियमाप्रमाणे एका वेळी एकच पुस्तक मिळतं, पण अशा जोड्यांपुरता त्यांनी कार्यकारिणीकडून अपवाद करून घेतला. त्यामागे साधं कारण होतं. बासष्टच्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली, १९६३मध्ये अहवाल दिला, आणि सरकारनं तो अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. सरकारी कागद जिथे कुलपात आहे, तिथे सैनिकांनी लिहिलेली पुस्तकं हीच लोकांपुढची साक्ष. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे गावच्या पंचांनाही कळतं. नकाशा पाहणाऱ्याचं एक आणि चिखलात उभं राहणाऱ्याचं एक, अशी जोडी वाचावी, हा बाईंचा आग्रह तिथून पक्का झाला. तो योग्यच आहे. एकटा सेनापती वाचला की माणसं आकडे होतात, एकटा शिपाई वाचला की युद्ध का झालं ते कळत नाही.

चिखलातल्या माणसाचं पुस्तक म्हटलं की ते सैनिकाचंच असलं पाहिजे, असंही नाही. या जिल्ह्यातली सर्वांत जिवंत युद्धसाक्ष एका भिक्षुकाची आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघाले. मथुरेला यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत बंडाची बातमी आली, आणि पुढच्या वर्षी इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला तेव्हा हे दोघं शहराच्या आत होते. मार्चच्या अखेरीस सुरू झालेला तोफांचा मारा, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडणं, नंतरची लूट आणि कत्तल, हे सगळं त्यांनी पाहिलं. मिळालेली दक्षिणा लुटारूंनी नेली. वरसईला ते परतले ते कर्ज फेडण्याइतकं द्रव्य घेऊन नव्हे, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

वाचनालयात ‘माझा प्रवास’ प्रवासवर्णनांच्या कपाटात होतं, वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे. बाईंनी ते उचलून युद्धाच्या कपाटात ठेवलं. त्यावरून एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांचं कौतुक केलं आणि लगेच दुसरी तक्रार केली की प्रत चुकीची आहे. गोडसे भटजींनी हे लिखाण भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून केलं आणि वैद्यांनी ते १९०७ साली, भटजी गेल्यानंतर, छापलं. काळ इंग्रजांचा, तेव्हा छापताना वैद्यांनी भाषा बदलली, मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. प्राध्यापकांचं म्हणणं रास्त होतं, साक्षीदाराचा जबाब वकिलानं सुधारलेला नको. आता दोन्ही आवृत्त्या शेजारी असतात. ज्याला पहिल्यांदाच वाचायचंय त्याला बाई पोतदारांची प्रत देतात. भाषा थोडी जुनी आहे, पण तोफेचा गोळा अंगणात पडल्यावर माणसं काय करतात हे कळायला शब्दकोश लागत नाही.

समुद्रावरच्या लढायांची गोष्ट आली की या किनाऱ्यावर कोणी गप्प बसत नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाणारी, अलिबागेत कान्होजी आंग्र्यांच्या समाधीवरून रोज ये-जा करणारी ही माणसं. दा. गो. ढबूंचं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ आणि शां. वि. आवळसकरांचं ‘आंग्रेकालीन अष्टागर’ ही इथल्या मातीतली पुस्तकं, जुनी, जड, पानं पिवळी पडलेली. तरुणांना बाई आधी मनोहर माळगावकरांचं ‘कान्होजी आंग्रे’ देतात. माळगावकर स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी होते आणि त्यांच्या या इंग्रजी पुस्तकाला मराठीत आणलं पु. ल. देशपांड्यांनी. पुलंचं नाव पाहून पुस्तक उचलणारे पुष्कळ. हसायला मिळेल म्हणून नेतात आणि गुराबा-गलबतांत अडकून पडतात.

पण कान्होजींच्या लढाईची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत हवी असेल तर शत्रूच्याच दारात जावं लागतं. क्लेमेंट डाउनिंग हा इंग्रज आरमारातला तरुण. १७२१च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, कमोडोर मॅथ्यूज इंग्रजी ताफ्याचा प्रमुख होता, आणि मोहीम साफ फसली. या आंग्रेविरोधी मोहिमांत डाउनिंग होता. त्याचं पुस्तक १७३७ साली लंडनला छापून आलं. त्यात कान्होजी चाचेच ठरतात. तरीही हरलेल्या बाजूचा माणूस आपली फजिती सांगतो तेव्हा त्याची साक्ष फार मोलाची असते. याउलट सरखेलांच्या गलबतावर वल्हं मारणाऱ्या, तोफेला बत्ती देणाऱ्या एकाही माणसानं लिहिलेलं काही बाईंच्या कपाटात नाही. जिंकलेल्यांच्या वतीनं बोलायला शत्रूचा खलाशी बोलवावा लागतो, ही गोष्ट त्या प्रत्येक वाचकाला सांगतात.

खांदेरीबद्दल एका कोळी वाचकाचं मत वहीत आहे. थळच्या समोरचं हे बेट. १६७९ साली शिवाजी महाराजांनी त्यावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी ताफा पाठवून तो थांबवायचा प्रयत्न केला. लढाईचा बारीकसारीक तपशील इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून मिळतो. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या जहाजांना त्या अडवता येत नसत. १८ ऑक्टोबरच्या मोठ्या झुंजीत इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांनी धरलं. या वाचकानं लिहिलं होतं की इतिहासकार तारीख देतात पण त्या दिवशीची तिथी देत नाहीत. भांग होती की उधाण, हे कळल्याशिवाय त्या पाण्यातली लढाई कळणार कशी? सवाल अगदी मर्मावरचा आहे. खांदेरी आता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, २०२५ साली बारा मराठा किल्ल्यांमध्ये तिचं नाव लागलं. त्या बेटाभोवती रोज जाळं टाकणाऱ्यांना कोणा संशोधकानं ही लढाई वाचून दाखवली आणि त्यांचं मत टिपून घेतलं, तर आरमाराच्या इतिहासाला नक्की काहीतरी नवं मिळेल.

भारतीय नौदलाची पुस्तकं मागणारे बहुधा स्वतः नौदलातलेच. या किनाऱ्यावरच्या घराघरांत जहाजावर गेलेलं कोणी ना कोणी असतं. म्हसळा, श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांत तर दर्यावर्दीपण पिढ्यांचं. १९४६च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावाची आठवण काढणारे आता उरले नाहीत. त्या उठावातल्या बी. सी. दत्त यांचं ‘म्यूटिनी ऑफ द इनोसंट्स’ त्यांच्या नातवंडांना ठाऊक नसतं, ते बाई सुचवतात. मेजर जनरल इयान कार्डोझोंचं आयएनएस खुकरीवरचं पुस्तक मात्र एका निवृत्त नाविकानं स्वतः आणून दिलं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं खुकरी बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता गेले. कार्डोझोंनी वाचलेल्यांना गाठून त्यांच्या तोंडून ती रात्र लिहून घेतली. त्या आजोबांना इंग्रजी तितकंसं येत नाही. नातू वाचतो, जमेल तसं मराठीत सांगतो, आणि आजोबा मधेच त्याला थांबवून इंजिनरूम म्हणजे काय, शिडी कुठे असते, पाणी कुठून शिरतं ते समजावतात. अशी पुस्तकं मराठीत का येत नाहीत, हा त्यांचा प्रश्न प्रकाशकांपर्यंत पोचायला हवा.

आणि मग माणगावहून आलेला तो तरुण. त्याला यशवंत घाडग्यांवर पुस्तक हवं होतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा नायक, तिसऱ्या बटालियनचा, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला, तो सोडून बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. एकटा धावून गेला, हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर दस्त्यानं लढला, ठाणं घेतलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या इटालियन मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे होते. मॉन्टोने गावात २०२३ साली त्याच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. माणगावला तहसील कचेरीपाशी पुतळा आहे. पुस्तक? बाईंच्या हाती लागली ती सन्मानपत्रातली एका परिच्छेदाची हकीकत. त्याच्या शेवटच्या काही मिनिटांची. आधीच्या बावीस वर्षांबद्दल, घरी काय लिहून पाठवायचा, इटलीतल्या थंडीबद्दल काय म्हणायचा, याबद्दल त्यांच्या कपाटात एक ओळ नाही.

असं का झालं याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले. त्यांना लिहिता येत होतं, ते लष्करी शाळेमुळे. त्यांनी लेखणी उचलली ती अस्पृश्यतेविरुद्ध, १८८८च्या ‘विटाळ विध्वंसन’मध्ये, आणि पुढे महारांची सैन्यभरती बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध अर्ज लिहिण्यात. ज्यांना आधी माणूस म्हणून आणि शिपाई म्हणून जागा मिळवायची होती, त्यांनी लढाईच्या आठवणी लिहिल्या नाहीत याचं नवल नाही. महार पलटण पहिल्या महायुद्धात पुन्हा उभी राहिली, १९२१ला मोडली, १९४१च्या ऑक्टोबरात पुन्हा रेजिमेंट झाली. त्या रेजिमेंटच्या एका माजी हवालदारांनी बाईंना सांगितलं की ‘विटाळ विध्वंसन’ही युद्धाच्या कपाटात ठेवा. बाईंनी ते मान्य केलं.

पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात, १९१५च्या डिसेंबरपासून पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत, मराठा पलटणी होत्या. कोकणातल्या कित्येक गावांत तेव्हा लढाईवर किती जण गेले, किती मेले, याच्या दगडी पाट्या बसल्या. त्यांवर आकडा आहे, नावं नाहीत. मराठीत त्या युद्धाची आठवण म्हणून कॅप्टन गो. गं. लिमये यांचं ‘सैन्यातील आठवणी’ बाई आवर्जून देतात. पण लिमये डॉक्टर, अधिकारी, शिवाय कथाकार. साध्या शिपायांची जी पत्रं टिकली त्यांतली पुष्कळशी टिकली ती सेन्सॉरनं त्यांची भाषांतरं करून ठेवली म्हणून, आणि ती लंडनच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत मराठी आवाज अगदी थोडे.

जयजयकाराची पुस्तकंही वाचनालयात भरपूर येतात, तीन तासांत संपतात आणि मागणीवहीत त्यांच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. भरतीच्या मुलांना बाई ती एकटी देत नाहीत. बरोबर अनुराधा गोरे यांचं ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ देतात. गोरे या १९९५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडलेल्या कॅप्टन विनायक गोरे यांच्या आई. मुलगा ते वाचून परत करतो तेव्हा घरी आईलाही वाचायला दिलं होतं असं सांगतो. पुष्कळ जण तरीही भरतीला जातात, आणि पुस्तकानं त्यांना अडवावं असं बाईंनाही वाटत नाही. कशासाठी आणि कशाच्या बदल्यात जातोय, एवढं ठाऊक असावं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळानं या किनाऱ्यावरची छपरं उडवली, तेव्हा भिजलेली पुस्तकं सोडवून वाळत घालायला सर्वांत आधी आले ते माजी सैनिक. आता बाई त्यांनाच गळ घालतात, आणि या लेखाच्या वाचकांनाही तीच विनंती आहे. आपल्या गावात पासष्ट, एकाहत्तर, श्रीलंका, सियाचीन, कारगिल पाहिलेलं कोणी असेल, तर एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. पराक्रम विचारू नका, तो विचारला की माणूस गप्प होतो. जेवण काय मिळायचं, बूट कसे होते, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, शेजारी कोण झोपायचं, तो आज कुठे आहे, हे विचारा. ते बोलतील त्याच भाषेत लिहा, आगरी असो, कोळी असो की कोकणी. गाव, पलटण, वर्ष नीट नोंदवा. जुनी पत्रं, फोटो पाऊस लागण्याआधी कोरड्या डब्यात ठेवा. लिहून झालेली एक प्रत त्यांच्या घरी राहू द्या आणि दुसरी गावच्या वाचनालयात आणून द्या.